दारातल्या परबबाई

आमच्या सोसायटीत शिरायला हल्ली मला बायकोची परवानगी लागते. तशी ती आधीही लागायचीच, पण आता मोबाइलवर लागते.

सोसायटीने गेटसाठी नवं ॲप घेतलंय. येणाऱ्याने नाव सांगायचं, फोटो काढू द्यायचा, कोणाकडे आलात, कशाला आलात, पिशवीत काय आहे, हे सगळं वॉचमन त्याच्या फोनवर भरणार. मग घरच्यांच्या फोनवर विचारणा जाणार, आणि त्यांनी होकार दिला की दांडा वर होणार. परवा वॉचमन नवीन होता. मी मुलुंडच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन आलो, तर त्याने मला पाहुण्यांत जमा केलं. "साहब, मॅडम का कन्फर्म नहीं आया." मॅडमचा फोन चार्जिंगला, मॅडम बाथरूममध्ये. माझ्या मागे कुरिअरवाला, दोन कामवाल्या, शाळेची व्हॅन आणि चौथ्या मजल्यावरच्या सबनिसांचे नवे जावई अशी रांग लागली. एवढा कडेकोट पहारा चालू असताना मागच्या पडक्या भिंतीवरून एक भंगारवाला आमच्याच सोसायटीची जुनी सायकल खांद्यावर टाकून आरामात निघालेला मला दिसला. मी ओरडलो. वॉचमन शांतपणे म्हणाला, "साहब, पहले आपका तो क्लिअर होने दो."

त्या क्षणी मला परबबाई आठवल्या. त्या असत्या तर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या असत्या, "मेल्यांनु, दारात उभं राहायचं ते बघायला. वाट अडवायला नाय!"

सुहासिनी परब हे त्यांचं पूर्ण नाव. पण साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या त्या परबबाई. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी कंपनी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या आम्ही बनवतो. 'आम्ही' हा शब्द मी जरा सैल वापरतोय. पेट्या बनवणारे वेगळे. मी पेटीबरोबर जाणारी माहितीपुस्तिका लिहितो. 'स्वच्छ करण्यापूर्वी बाळ बाहेर काढावे' असली वाक्यं माझ्या नावावर आहेत. माझी बायको सुनीता पाहुण्यांना सांगते, "ह्यांचं लिखाण महाराष्ट्रभर वाचतात. पेटी बिघडली की."

परबबाईंचं काम मात्र पेटीच्या थेट पोटात. पेटीत एक लहानसा संगणक असतो. एक प्रोग्रॅम ऊब सांभाळतो, एक पडद्यावर तापमानाचा आकडा दाखवतो, एक नोंदी साठवतो. आणि या सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना सांभाळून घेणारा कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. तो बाईंनी लिहिलेला होता, अगदी पहिल्या पेटीपासून. मी नोकरीला लागलो तेव्हा पुस्तिकेत कर्नेलवर एक परिच्छेद हवा म्हणून त्यांच्याकडे गेलो होतो. त्या डबा खात होत्या. मला बसायला सांगून म्हणाल्या, "पुस्तकवाले, तुम्ही हॉटेलात भटारखान्यात शिरता काय?"

"नाही."

"मग वडा पायजे असेल तर?"

"हाक मारतो."

"झालं तर! प्रोग्रॅम म्हणजे गिऱ्हाईक. त्याला आत यायची परवानगी नाय. पडद्यावर लिहायचंय, मारा हाक. नोंद ठेवायचीय, मारा हाक. आतून आम्ही करून देणार. त्या हाकेला सिस्टम कॉल म्हणतात. लिवा."

मी भक्तिभावाने लिहिलं. साहेबांनी छापण्याआधी तो परिच्छेद काढून टाकला. वडा वाचून इस्पितळवाले काय म्हणतील, ही त्यांची काळजी. बाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "कर्नेलबद्दल कोण वाचता काय? कर्नेल चांगला असलो तर कोणाक कळूचा पण नाय तो असा." आणि बांगड्याचा काटा डब्याच्या झाकणावर ठेवला.

बांगडा बुधवारी. सुरमई असली तर शुक्रवारी. आमच्या मजल्यावरच्या शाकाहारी मंडळींनी एकदा साहेबांकडे तक्रार केली, तेव्हा बाईंनी आपलं टेबल उचलून दाराजवळ नेलं. "वास बाहेर जाईल, मी आत राहीन." तेव्हापासून त्या दारातच बसायच्या. पाठ भिंतीला, एक डोळा पडद्यावर, एक दारावर. सुती साडी, पांढरे होत चाललेले केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. राहायला घाटकोपरला, सकाळी मेट्रोने यायच्या, आणि मेट्रोत जागा मिळाली तरी उभ्या राहायच्या. "बसून काय दिसता? लोकांचे पोट."

मराठी मुंबईचं, पण मन हललं की मालवणी वर यायचं. राग आला की यायचं, आनंद झाला की यायचं, आणि कामात गर्क असल्या की स्वतःशीच यायचं. म्हणजे दिवसातून बराच वेळ यायचं.

त्यांचे दोन प्रश्न आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होते. कोणाचीही, कशाचीही तक्रार घेऊन जा, बाई आधी तेच विचारायच्या: "कधी गेलो? कधी इलो?" म्हणजे, कधी गेला, कधी आला. एसी दुरुस्त करणारा आला पण हवा गारच होत नाही, असं मी रडत गेलो, तर "कधी इलो? कधी गेलो?" मी म्हटलं, आला आणि माझा चहा गार व्हायच्या आत गेला. "मग त्याने झाकण पण उघडलं नसेल. परत बोलवा."

एकदा माझी मुलगी मुक्ता हा विषय निघाला. दहावीचं वर्ष, क्लासला जाते, पण घरी आली की तोंड बंद. मी आणि सुनीताने चौकशा करकरून तिला बेजार केलं होतं. क्लासात काय झालं, शेजारी कोण बसतं, एवढा उशीर का. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कधी जाते? कधी येते?"

कधी जाते ते मला माहीत होतं. कधी येते ते नव्हतं.

"मग आधी ते बघा. विचारू नका, नुसतं बघा. विचारायला लागलात की पोर वेगळी वागणार. मग तुम्हाला जी दिसेल ती तुमची पोर नाय, तुमच्या प्रश्नांची पोर."

मी त्या वेळेला गॅलरीत तुळशीला पाणी घालत उभा राहायला लागलो. मुक्ताबाई वेळेवर येत होत्या. पण वर न येता खाली बाकावर बसून एका लंगड्या कुत्र्याशी तासभर गप्पा मारत होत्या. घरातली बिस्किटं कुठे जातात हेही त्यात उलगडलं. कुत्र्याशी बोलून झालं की चेहरा मोकळा करून वर यायची. आम्ही चौकशा थांबवल्या. काही दिवसांनी ती आपणहून आमच्याशी बोलायला लागली. सुनीता अजून म्हणते, "तुळस कुजली, पण मुलगी कळली."

आता मुख्य गोष्ट.

आमच्या पेट्यांमध्ये एक विचित्र खोड निघाली. मधूनच पडद्यावरचा आकडा गोठायचा. थोडे सेकंद, आणि मग पुन्हा सुरळीत. बाळाला धोका नव्हता. ऊब फार वाढली तर ती तोडणारी कळ संगणकावर अवलंबून नसते, ती साधी, वेगळी बसवलेली असते. पण नर्सला हे कोण सांगणार? तिच्या डोळ्यांसमोर आकडा थांबला की तिच्या काळजाचा ठोका थांबतो. इस्पितळांतून फोन येऊ लागले. एका ठिकाणाहून तर 'पेट्या परत न्या' इथपर्यंत गेलं.

पडदा दाखवणारा प्रोग्रॅम गौतम गायकवाडचा. गौतम चाळिशीचा, मूळ कुटुंब जालन्याकडचं, तो मात्र घाटकोपरलाच वाढलेला. बोलायला मऊ, आणि कामात इतका नीटनेटका की त्याच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा काटकोनात. नाडकर्णीसाहेब म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नाही, पण घाबरला की त्याला कोणीतरी एक दोषी हातात लागतो. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"गायकवाड, पडदा तुमचा. अडकतो पडदा. मग मी विचारू कोणाला?"

"सर, मी सगळं तपासलंय. माझ्याकडे कुठे थांबत नाही."

"पण थांबतंय ना! महिनाअखेरपर्यंत सापडलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मलाही वाईट वाटेल, पण काय करणार?"

आमचा धंदा लहान आहे. अंधेरीपासून पवईपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. 'बाळाची पेटी अडकवणारा' असं एकदा नावाला चिकटलं की पुढे कोणी दारात उभं करणार नाही, हे गौतमलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

त्याने आपल्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीवर एकेक ओळ छापायला लावली. इथे आलो, हे केलं, आता तिथे चाललो. एक पेटी आमच्याच मजल्यावर चालू ठेवली. बाळाच्या जागी कोमट पाण्याने भरलेली रबरी पिशवी असायची. तिचं नाव बाईंनी 'बाळग्या' ठेवलं होतं, आणि त्याला टोपडंही शिवलं होतं. ओळींचा पाऊस पडत राहिला, आणि आकडा गोठेना. दोन दिवस झाले, तीन झाले, पेटी एकदम शहाण्यासारखी चालू.

साहेब खूश. "अरे मग राहू द्या की हे असंच! छापत राहा!"

दारातून आवाज आला, "साहेब, वर्गात इन्स्पेक्टर बसलाय म्हणून पोरं गप्प आहेत. त्याला कायमचा बसवणार काय? शाळा कधी घेणार?"

मग त्या उठल्या, फळ्याकडे गेल्या आणि शांतपणे समजावलं. एकेक ओळ छापायला एवढा वेळ जातो की पेटीतली सगळीच कामं रेंगाळतात. जी दोन कामं एरवी एकमेकांवर आदळत असतील, ती आता एका वेळी समोरासमोर येतच नाहीत. रोग तसाच आहे, फक्त डॉक्टरला बघून लपलाय. आणि अशी रेंगाळणारी पेटी बाळाला लावायची नसते.

"मग बघायचं कसं?" गौतमने विचारलं.

"हळूच बघायचं," बाई म्हणाल्या. "माझो बापूस गिरणीच्या गेटवर असायचो."

ही गोष्ट आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकली. लहानपणी त्या वडिलांचा डबा घेऊन गिरणीच्या गेटवर जायच्या. एकदा नवा अधिकारी आला. गिरणीतून कापड जातं म्हणून त्याने हुकूम काढला, प्रत्येकाची झडती घ्या, डबे उघडा, पिशव्या उलट्या करा. भोंगा वाजून गेला तरी अर्धी पाळी रस्त्यावर. आतले माग बंद. "आणि कापड? ता मागच्या भितीवरसून जाय होता! गेटवर गर्दी, म्हणून मागे कोणी बघूकच नाय." शेवटी वडिलांनी झडती सोडून दिली. स्टूल गेटच्या बाजूला सरकवलं, विडी पेटवली आणि नुसते बघत बसले. कोण आत गेलो कधी, बाहेर इलो कधी. कोणाला अडवलं नाही, काही विचारलं नाही. आठवड्याभरात त्यांना कळलं की एक माणूस पाळी सुटल्यावर सगळ्यांच्या बराच मागून बाहेर येतो; कापड भिंतीपलीकडे टाकणारा तोच.

"तसंच स्टूल आपण कर्नेलच्या दारात टाकूया," बाई म्हणाल्या.

त्यांनी जे केलं ते मला समजलं तेवढं सांगतो. कुठल्याही प्रोग्रॅमने हाक मारली की कर्नेलच्या दारात एक बारीकशी खूण करायची: कोण आला, कसली हाक, केव्हा. बस्स. छापायचं नाही, थांबवायचं नाही, पिशवीत काय आहे विचारायचं नाही. खुणा ठेवायला मेमरीत एक लहानशी गोल पाटी. भरली की पहिल्यापासून पुसत पुन्हा त्यावरच खुणा. म्हणजे पाटीवर नेहमी फक्त शेवटचा थोडा वेळ शिल्लक. आकडा गोठला की लगेच पाटी थांबवायची आणि वाचायची. उशीर केला तर पुढच्या खुणा मागच्या पुसून टाकणार.

पहिल्या दिवशी मोहात पडून त्यांनी हाकेबरोबर काय मजकूर आहे तोही लिहायला लावला होता. आकडा गोठायचा पुन्हा कमी झाला. "बघ! डबे उघडूक लागलंय मी पण," असं स्वतःवरच चिडून त्यांनी ते काढून टाकलं. मग आणखी हलकं करायचं म्हणून अजून काय काय छाटलं. इतकं हलकं झालं की पेटी पूर्वीसारखीच धावू लागली, आणि पूर्वीसारखीच अडकूही लागली. बाईंना कोण आनंद!

आता पाटी थांबवायला माणूस हवा होता. मजल्यावर बिनकामाचा कोण, तर मी. बाळग्याच्या पेटीसमोर खुर्ची टाकून मला बसवलं, कळफलकाच्या एका कळीवर लाल टिकली चिकटवली. "पुस्तकवाले, आकडा थांबला की ही दाबायची. एवढं जमेल ना?"

मी म्हटलं, एम.ए. झालोय.

पहिल्यांदा आकडा गोठला तेव्हा मी सुनीताशी फोनवर कोथिंबिरीबद्दल बोलत होतो. माझी जोरात "गेलं!" अशी आरोळी आणि लाल टिकली यांच्यात इतकं अंतर पडलं की पाटी पुसली गेली. बाईंनी माझा फोन उचलून स्वतःच्या डब्याच्या पिशवीत टाकला. तो परत मिळाल्यावर महिनाभर त्याला सुरमईचा वास येत होता.

दुसऱ्यांदा मी दाबली. जेवणानंतरची वेळ, सगळे धावत आले. बाईंनी चष्मा लावून पाटी वाचली. आकडा थांबला त्या क्षणाला खूण होती पडद्यावर लिहायच्या हाकेची. गौतमच्या प्रोग्रॅमची.

"म्हणजे गायकवाडच," साहेब म्हणाले. सुस्काराच टाकला त्यांनी. "मिळाला ना पुरावा?"

गौतमने पुन्हा पुन्हा पाटीकडे बघितलं, आपल्याच हस्ताक्षरातलं कोणीतरी दुसऱ्याने लिहिलेलं पत्र बघावं तसं. मग आपल्या टेबलाकडे गेला आणि खण उघडून आतल्या वस्तू एकेक करून बाहेर ठेवायला लागला. काटकोनात. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी बाळग्याकडे बघत राहिलो.

बाई पाटीसमोरच उभ्या होत्या. ओठ हलत होते. "कधी गेलो ता कळला..." असं काहीतरी पुटपुटल्या, आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आवाज मजलाभर ऐकू गेला.

"गौतमा! खण बंद कर रे! मी मेलीन निम्मीच वाट बघितलंय!"

हलकं करायच्या नादात त्यांनी हाक मारून आत जाण्याची खूण ठेवली होती, पण काम होऊन बाहेर येण्याची छाटून टाकली होती. जगाला दोन प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी स्वतःच्या कर्नेलला एकच विचारला होता. एका फाटकावर स्टूल, दुसरं फाटक उघडं.

"तो आत गेलो, एवढाच कळला," त्या साहेबांना म्हणाल्या. "आत गेला म्हणून चोर? बाहेर का नाय इलो, ता नको बघूक?"

साहेब म्हणाले, "परबबाई, महिना संपत आलाय."

"माका कॅलेंडर वाचता येता, साहेब."

दुसऱ्या फाटकावर खूण बसवायला त्यांना एक सकाळ लागली. गौतम शेजारी बसून होता. खण त्याने बंद केला होता, पण पेन्सिली बाहेरच होत्या. मी पुन्हा खुर्चीत. ह्या वेळी मी पापणी लवतानाही एकेक डोळा लवत होतो. संध्याकाळचा चहा आला, आणि आकडा गोठला. आता तो पुन्हा हलला की दाबायची, असा बाईंचा हुकूम होता. हलला. मी दाबली. अशी दाबली की टिकली निघून माझ्या बोटाला आली.

बाईंनी पाटी वाचली. हळूहळू, बोट फिरवत. गौतमची हाक आत गेली. तिच्या थोडी आधी नोंद साठवणाऱ्याची हाक आत गेली होती. नोंदवाला बाहेर येईपर्यंत मधल्या वेळात बाकी सगळे प्रोग्रॅम आत-बाहेर करत होते, गौतमचाच तेवढा आत. तो बाहेर पडला नोंदवाल्याच्या पाठोपाठ. म्हणजे अख्खा गोठलेला वेळ तो आत होता, कर्नेलमध्ये.

कर्नेल कोणाचा, हे त्या मजल्यावर कोणाला सांगायची गरज नव्हती.

बाईंनी कर्नेलचा जुना भाग उघडला, वाचला, आणि मग जी हसायला लागल्या! पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. गौतमला वाटलं, रडतायत. तो पाणी आणायला उठला.

"बस रे," त्या म्हणाल्या. "चोर गावलो. चोर म्हणजे मी."

पडद्यावर लिहिण्याचं दालन आणि नोंदी साठवण्याचं दालन, दोन्हींना बाईंनी कधीकाळी एकच चावी ठेवली होती. तेव्हा नोंदी थोड्या होत्या, भागत होतं. आता नोंदी वाढल्या, आणि नोंदींची मेमरी मधूनच आपली साफसफाई काढून बसायची. तेवढा वेळ चावी तिच्या कमरेला, आणि गौतमची हाक बंद दारासमोर ताटकळत.

त्या उठून साहेबांच्या केबिनच्या दारात गेल्या. आत गेल्या नाहीत, दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, गायकवाडाचा काय दोष नाय. तो बरोबर हाक मारत होता. माझ्या घरात आलेल्याला मीच कोंडून ठेवलं होतं. आता खण रिकामा करायचा असेल तर माझा करा. पण डब्याला हात लावू नका, उद्या बुधवार आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग केबिनमधून बाहेर आले, गौतमच्या टेबलापाशी थांबले. बाहेर ठेवलेली एक पेन्सिल उचलून त्यांनी ती खणात ठेवली. तिरकी. गौतमने ती सरळ केली.

"कधी दुरुस्त होईल, परबबाई?"

"खंय असा ता कळला ना? मग होतला."

झालंही. दोन दालनांना दोन चाव्या. त्यानंतर बाळग्याची पेटी महिनाभर चालली, आकडा एकदाही थांबला नाही. मी खुर्ची सोडली तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. नोकरीत पहिल्यांदाच माझी गरज लागली होती.

मग साहेब म्हणाले, आता रोग गेला, तर ते खुणांचं प्रकरण काढून टाका, उगाच भार कशाला. बाईंनी मान हलवली. "चोर पकडला म्हणून गेटवरच्या माणसाला घरी पाठवतात काय? उद्या दुसरा येईल. तो माझ्यासारखा सांगायला येणार नाय." भार किती पडतो ते त्यांनी मोजायला लावलं, तेही गौतमला. गौतमने मोजलं, कळेल इतकाही पडत नव्हता. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पेटीत ते स्टूल आहे. माझ्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. मी लिहिला होता, साहेबांनी काढला.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते कंपनीत नाही. त्या कामावरून निवृत्त व्हायच्या थोडं आधी घाटकोपरच्या एका इस्पितळात जुन्या पेटीत पडद्याचा नवा प्रोग्रॅम घालायचा होता. मी, गौतम आणि बाई मिळून गेलो. गौतमचं काम होतं. मी सही घ्यायला. बाई का आल्या ते कोणी विचारलं नाही. पोचलो तर पेटीत बाळ. त्याला त्याच दिवशी घरी सोडणार होते, पण डॉक्टरांची फेरी व्हायची होती. बाळ असताना पेटीला हात लावायचा नाही. मी आणि गौतम बाहेर बाकावर बसलो. बाई वॉर्डच्या दारात उभ्या.

सिस्टर म्हणाली, "आत येऊन बसा ना, मावशी."

"नको गो. हयसून दिसता."

आत बाळाची आई पेटीच्या खिडकीतून हात घालून बसली होती. पडद्यावरचा आकडा बदलत होता. एक पॉइंट वर, एक खाली. बाई तो बघत होत्या. डॉक्टर आले, गेले. नर्स आली, गेली. प्रत्येक वेळी बाई थोड्या मागे सरकायच्या आणि पुन्हा पुढे व्हायच्या. आईला वाटलं असावं, कोणाच्या तरी नातेवाईक आहेत. तिने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

बाई जरा गोंधळल्या. त्यांना गोंधळलेलं मी पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी बाकावरच्या गौतमकडे बोट केलं. "तो बसलाय ना, तो आकडे दाखवणारा. तू रात्रंदिवस बघत बसलीस ना, ते आकडे त्याचे. एकदा पण थांबले काय?"

"नाही हो," आई म्हणाली.

गौतम मान खाली घालून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

दुपारी सिस्टरने बाळाला दुपट्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. मूठभर चेहरा, टोपड्यात हरवलेला. आजी, मावशी, पिशव्या, थर्मास, सगळी वरात दाराशी आली. बाईंनी पदर आवरला, पाठ भिंतीला चिकटवली आणि वाट मोकळी केली. बाळाला हात लावला नाही, नाव विचारलं नाही. ते त्यांच्या समोरून बाहेर गेलं, आणि बाईंनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

मग चष्मा गळ्यात सोडला आणि म्हणाल्या, "जा गौतमा, आता तू आत जा."